जुना बेस घेताना आधी नेक बघा, रंग शेवटी

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतं, दादा हा जुना बेस (म्हणजे बेस गिटार) मिळतोय, घेऊ का? आणि फोटो कायम समोरून काढलेला, सोफ्याला टेकवलेला, सनबर्स्ट रंग, बाजूच्या खिडकीतून ऊन पडलेलं, म्हणजे स्थळाचा स्टुडिओत काढलेला फोटो पाठवतात ना अगदी तसा. त्यावरून काय कळणार, डोंबल? मी उलट सांगतो, मागून फोटो मागव, नेकचा म्हणजे दांडीचा कडेने मागव, पिकगार्ड म्हणजे पुढची प्लास्टिकची पाटी काढून आतल्या वायरिंगचा मागव. हे ऐकलं की निम्मे विकणारे गप्प होतात आणि जे उरतात त्यांच्याशी मग बोलण्यात अर्थ असतो. तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच बसून लिहितोय, क्रम वगैरे फार लावलेला नाही.

मी काही कलेक्टर नाही हं. पुण्यात कॉलेजात असताना ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो, आता 14 वर्षं न्यू जर्सीत एडिसनला आहे, दिवसा आयटी आणि शनिवार-रविवार बेस, घरात फेंडर कंपनीचा एक जुना प्रिसिजन बेस, एक जुना अँप आणि या दोन्हींवर नाराज असलेली बायको.

आधी थोडे सनावळे, कारण ते माहीत नसले की समोरचा काहीही खपवतो. लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात फुलर्टनला प्रिसिजन बेस काढला 1951 साली. त्याआधी बेस म्हणजे तो माणसापेक्षा उंच डबल बेस, त्याला पडदे नाहीत, बोट जरा सरकलं की सूर गेला. फेंडरने नेकवर पडदे म्हणजे फ्रेट बसवले, सूर नेमका लागतो म्हणून नाव प्रिसिजन. तारेची लांबी 34 इंच धरली, आजही बहुतेक बेस तेवढ्याच लांबीचे येतात. पहिल्या बेसची बॉडी सपाट फळीसारखी होती, 1954 मध्ये हाताला-पोटाला टोचू नये म्हणून कडा घासून गोलसर केल्या आणि 1957 मध्ये तो दोन तुकड्यांचा पिकअप (तारांचा आवाज उचलणारं चुंबक आणि कॉइल) आला, दोन्ही कॉइल एकमेकांचा घूं आवाज मारतात. आज आपण प्रिसिजन म्हणून जे ओळखतो ते हे 57 चं रूप. 1960 मध्ये जॅझ बेस आला, दोन पिकअप आणि निमुळता नेक. आणि मग जानेवारी 1965 मध्ये लिओने कंपनी सीबीएस या अमेरिकन टीव्ही-रेडिओ कंपनीला विकली, 1 कोटी 30 लाख डॉलरला.

तिथून तो शब्द आला, प्री-सीबीएस, म्हणजे त्या विक्रीच्या आधीचा. हा शब्द लागला की किंमत कुठच्या कुठे जाते, आंब्याच्या पेटीवर देवगड लिहिलं की जाते तशी. आता विक्रीच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यात तीच माणसं होती, तीच मशीनं होती, रंगसुद्धा त्याच डब्यातला होता, त्यामुळे 64 चा बेस अमृत आणि 66 चा बेस भंगार असं काही नसतं. माल हळूहळू बदलत गेला, 60 चं दशक संपताना जाड पॉलिएस्टरचा थर आला, 70 च्या दशकात बॉड्या जड झाल्या, नेकचे जोड सैल यायला लागले, आणि तेही सगळ्यांत नाही. म्हणून साल विचारा पण सालावर पैसे देऊ नका, जो बेस हातात आहे त्याचे पैसे द्या.

आणि हातात घेतल्यावर पहिली गोष्ट नेक. पिकअप बदलता येतो, रंग देता येतो, खुंट्या म्हणजे ट्यूनर दुसऱ्या बसवता येतात, पण नेक पिळला असेल तर तो बेस भिंतीवर लावायचा. सुतार फळी बघतो तसं एक डोळा मिटून हेडस्टॉककडून म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून बॉडीकडे बघायचं, दोन्ही कडा समांतर जातायत का, की एक कड खाली आणि एक वर. थोडा पुढे झुकलेला असणं चालतं, उलट तो हवाच. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून धरा, मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट दिसली की झालं. कार्डांचा गठ्ठा जात असेल तर ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली सळई आवळायला लागणार, आणि इथे जुन्या फेंडरची गोची अशी की रॉडचा नट बॉडीच्या बाजूला असतो, नेक सोडवल्याशिवाय नीट फिरवता येत नाही. त्यामुळे विकणारा "रॉड एकदम ओके आहे" म्हणतो तेव्हा त्याने तो कधी फिरवून बघितलेलाच नसतो. शेवटपर्यंत आवळलेला रॉड म्हणजे पुढे फिरायला जागाच नाही. मी सरळ विचारतो, काका, तारा सैल करून नेक काढून बघू का, स्क्रूड्रायव्हर मी आणलाय. नाही म्हणाले तर चहा पिऊन घरी.

मग एकेक फ्रेट वाजवायचा, चारही तारांवर, अँप न लावता आणि लावून. फेंडरच्या बेसला बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान बऱ्याचदा एक मेलेली जागा असते, सूर लागतो आणि लगेच विझतो, बाजूचा फ्रेट मात्र छान लांबतो. हा बिघाड नाही, नेकच्या लाकडाचा स्वतःचा कंप तिथे आडवा येतो. नव्या बेसलाही होतं. हेडस्टॉकला वजन अडकवलं की ती जागा थोडी सरकते. पण मेलेला सूर तुमच्या रोजच्या गाण्यांत येत असेल तर दहा वेळा विचार करा, कारण ही गोष्ट फोटोत दिसत नाही आणि घरी आणल्यावर रोज ऐकू येते.

नेकची रुंदीसुद्धा बघा. प्रिसिजनचा नेक वरच्या टोकाला साधारण पावणेदोन इंच, जॅझचा दीड. ऐकायला पाव इंच, पण माझ्यासारख्या आखूड बोटांच्या माणसाला दोन तास वाजवल्यावर मनगटात कळतं. माझ्या एका मित्राने केवळ नावासाठी रुंद नेकचा जुना प्रिसिजन घेतला आणि सहा महिन्यांत विकला, नंतर जॅझ घेऊन सुखात आहे.

आता ओरिजिनल कसं ओळखायचं. मागच्या वर्षी एका दोस्ताबरोबर फिलाडेल्फियाच्या पुढे एका अमेरिकन आजोबांकडे 63 चा प्रिसिजन बघायला गेलो होतो. आजोबांनी डायनिंग टेबलावर टॉवेल अंथरला, आम्ही चार स्क्रू काढले, नेक अलगद उचलला आणि टॉर्च मारला. नेकच्या बुडाला शिक्का होता, आधी 5 आकडा, मग महिना, मग 63 आणि शेवटी सी. 5 म्हणजे प्रिसिजन, सी म्हणजे पावणेदोन इंच रुंदी, जॅझला बहुतेक ए असतो म्हणजे दीड इंच. 1962 च्या आधी शिक्का नसायचा, पेन्सिलने तारीख लिहायचे. मग पिकगार्ड काढला. आवाजाच्या आणि टोनच्या नॉबखाली जो पॉट असतो त्याच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो, इथे 304 पासून सुरू होत होता, 304 म्हणजे स्टॅकपोल कंपनी, पुढचे दोन आकडे साल, त्यापुढचे दोन त्या सालातला आठवडा. 137 असेल तर सीटीएस कंपनी. हा पॉट नेकच्या तारखेच्या चार महिने आधीचा निघाला, म्हणजे बरोबर, माल आधी येतो आणि वाद्य नंतर जुळतं. पॉट नेकच्या पाच वर्षं नंतरचा निघाला असता तर कोणीतरी बदललाय हे नक्की. वायरींच्या सांध्यांवरचे सोल्डरचे डागही बघितले, जुना डाग मळकट राखाडी असतो, वायरींवर कापडाचं वेष्टण. सगळं जुळत होतं, दोस्ताचा चेहरा फुलला.

आणि मग मी बॉडीवर खिळ्यांची भोकं शोधायला लागलो. त्या काळात रंग देताना आणि सुकवताना बॉडीला बारीक खिळे ठोकून ठेवायचे, नंतर काढून टाकायचे, त्यामुळे 64 पर्यंतच्या बॉडीवर पिकगार्डखाली छोटी छोटी भोकं असतात आणि आत कोरडं लाकूड दिसतं. इथे भोकं होती पण रंगाने बुजलेली. म्हणजे खिळे निघून गेल्यावर कधीतरी पुन्हा रंग दिलाय. आजोबांना विचारलं तर म्हणाले, हो ना, माझ्या धाकट्या भावाने 70 च्या दशकात गॅरेजमध्ये मारला होता, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. खोटं बोलले नव्हते, आम्हीच विचारलं नव्हतं. पुन्हा रंगवलेल्या बेसची किंमत कलेक्टर लोक ढोबळमानाने निम्मी धरतात, त्या दिवशी तशीच ठरली. तो बेस आज माझ्या ओळखीतल्या सगळ्यांत गोड वाजणाऱ्या बेसपैकी आहे. नेक, पिकअप, वायरिंग जसंच्या तसं, फक्त भावाने मारलेला रंग. माझं सगळं म्हणणं या एका सौद्यात आलं, वाजवायला घेणाऱ्याने असाच माल शोधायचा, कलेक्टर जिथे नाक मुरडतो तिथे आपण हात पुढे करायचा.

नंबर प्लेटबद्दल एक सांगून टाकतो. 50 च्या दशकाच्या मध्यापासून 76 पर्यंत फेंडरचा सीरियल नंबर नेकच्या मागच्या लोखंडी पट्टीवर असायचा, 60 च्या दशकातल्या एल अक्षराने सुरू होणाऱ्या पट्ट्यांना तर लोक देव मानतात. पण पट्टी चार स्क्रूंवर असते, दोन मिनिटांत बदलते, आणि कारखान्यातही पट्ट्या डब्यातून हाताला येईल ती घेऊन लावायचे, त्यामुळे नंबरांचा क्रम सालाशी नीट जुळत नाही. पट्टीवर विश्वास सगळ्यांत शेवटी. अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला तर जुना लॅकर पिवळट-हिरवा चमकतो आणि डागडुजी केलेली जागा वेगळी दिसते, हा टॉर्च ऑनलाइन स्वस्तात मिळतो, घेऊनच जा.

माझा स्वतःचा 78 चा, हेडस्टॉकवर नंबर एस 8 ने सुरू होतो, एस म्हणजे सेव्हंटीज. काळा रंग, अ‍ॅश लाकूड, वजन जवळजवळ पावणेपाच किलो. दुकानात बसून वाजवला तेव्हा वजन कळलंच नाही, पहिल्या गणपतीच्या कार्यक्रमात अडीच तास उभा राहिलो आणि दुसऱ्या दिवशी खांद्याला बाम. तेव्हा बसून बघू नका, पट्टा लावून पंधरा-वीस मिनिटं उभे राहा. चार किलोच्या आसपासचा प्रिसिजन मिळाला तर उत्तम. पण 70 च्या दशकातले बेस सरसकट वाईट म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, माझ्याच बेसच्या नेक आणि बॉडीच्या जोडात आधी इतकी फट होती की कागद जायचा, तरी खालची ई तार वाजवली की टेबलावरचा चमचा थरथरतो.

बाकी कंपन्यांचं थोडक्यात. गिब्सनचे ईबी-0 आणि ईबी-3 आखूड, तारेची लांबी साडेतीस इंच, आवाज गुबगुबीत आणि धूसर, जॅक ब्रूसने क्रीम बँडमध्ये ईबी-3 वाजवला. गिब्सन बघताना हेडस्टॉकच्या मुळाशी भिंग लावून तडा शोधा, तिथेच तुटतात, विशेषतः थंडरबर्ड. रिकनबॅकर 4001 दिसायला देखणा, पण मागचा तारा अडकवायचा धातूचा भाग तारांच्या ओढीने उचलला जातो, त्याखाली नोट जाते का बघा. हॉफनर 500/1 म्हणजे तो व्हायोलिनसारखा पोकळ, बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला, 1972 मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेला आणि 50 हून जास्त वर्षांनी परत मिळाला, 2024 मध्ये जाहीर झालं. म्हणजे चोरीचा बेस कितीही वर्षांनी मालकाकडे परत जाऊ शकतो हे लक्षात ठेवा आणि विकणाऱ्याकडून सही केलेली पावती घ्याच. म्यूझिक मॅन स्टिंगरे 1976 चा, आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप, तो चालतो का ते सगळे नॉब फिरवून बघायचं.

आणि जपान! ऑनसाइटला टोकियोला जाणारे इतके लोक आहेत आपल्यात आणि ओचानोमिझुच्या गिटारच्या रस्त्यावर न जाता परत येतात याचं मला खरंच वाईट वाटतं. 70 च्या दशकाच्या शेवटी ग्रेको, टोकाई, इबानेझ, आरिया यांनी जो माल काढला तो त्या वेळच्या अमेरिकन मालाच्या तोडीस तोड होता, काही ठिकाणी सरस. 1982 मध्ये फेंडरनेच जपानमध्ये उत्पादन सुरू केलं, सुरुवातीच्या त्या बेसना जेव्ही सीरियल असतो आणि ते फुजीजेनच्या कारखान्यात बनले. पहिल्यांदा जुना बेस घेणाऱ्याला मी हाच सांगेन, जेव्ही किंवा टोकाई घ्या, दोन वर्षं वाजवा, मग ठरवा की तुम्हाला खरंच 60 च्या दशकातला हवा आहे की फक्त सांगायला हवा आहे.

तारांशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण जुना आवाज म्हणून लोक जे शोधतात त्यातला अर्धा तारांत असतो. डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगवर जेम्स जेमर्सन 62 चा प्रिसिजन वाजवायचा, जाड फ्लॅटवाउंड म्हणजे सपाट गुंडाळीच्या गुळगुळीत तारा, ज्या तो बदलायचाच नाही, ब्रिजच्या (तारा बॉडीवर टेकतात तिथल्या) झाकणाखाली फोमचा तुकडा आणि उजव्या हाताचं एकच बोट. कॅरल के लॉस एंजलिसला पिकने वाजवायची आणि तारांवर फेल्ट दाबून ठेवायची. तुमच्याकडे साधा नवा बेस असला तरी आज फ्लॅटवाउंड लावा, ब्रिजपाशी तारांखाली भांडी घासायच्या स्पंजची पट्टी सरकवा आणि टोनचा नॉब अर्धा खाली करा, मग कळेल की तुम्ही पाच लाखांचं वाद्य शोधताय की साठ रुपयांचा स्पंज. हे करून झाल्यावर पंचमची जुनी गाणी हेडफोनवर लावा आणि फक्त खालची ओळ ऐका, टोनी वाझ काय वाजवायचे ते. मोबाइलच्या स्पीकरवर ती ओळ ऐकूच येत नाही, आपली एक पिढी त्यातच गेली.

आणि ओरिजिनल-ओरिजिनल करणाऱ्यांसाठी एकच उदाहरण, अमेरिकन बेसवादक जाको पास्टोरियसचा 62 चा जॅझ. त्याचे फ्रेट काढून टाकलेले, फिंगरबोर्डवर बोटीला लावायचं इपॉक्सी फासलेलं. कलेक्टरच्या हिशोबाने वाद्याचं वाटोळं केलं, आणि फ्रेटलेस बेस म्हटलं की आज जगाला तोच आठवतो.

आता अँप. इथे मात्र मी कडक होतो, कारण बेस खराब निघाला तर पैसे जातात, अँप खराब निघाला तर जीव जाऊ शकतो.

गंमत म्हणजे मी राहतो तिथून जवळच लिंडन गाव आहे, अँपेग ही अँपची कंपनी 60 च्या दशकात तिथे होती. एव्हरेट हल नावाच्या डबल बेस वाजवणाऱ्याने बेसच्या खालच्या खुंटात माइक बसवला, अँप्लिफाइड पेग, त्यावरून नाव अँपेग. 1960 मध्ये जेस ऑलिव्हरने बी-15 केला, पोर्टाफ्लेक्स. त्याचं झाकण उलटं केलं की अँप आणि व्हॉल्व्ह म्हणजे त्याच्या काचेच्या नळ्या पेटीच्या आत जातात, क्लिपा लावायच्या आणि न्यायचा, पोचलात की झाकण पलटायचं आणि अँप डोक्यावर उभा. 15 इंचाचा एक स्पीकर, 25-30 वॅट, बस. पुढे प्लास्टिकची पाटी आतून उजळते, आणि घेणाऱ्याचं नाव त्यावर कोरून द्यायचे, त्यामुळे बाजारात कोणा अनोळखी माणसाच्या नावाचा अँप मिळतो आणि तो तसाच ठेवायचा असतो, जुन्या घराच्या पाटीसारखा. स्टुडिओंमध्ये हा अँप इतका का आवडता ते पाच मिनिटं वाजवलं की कळतं, सूर गोल येतो आणि थोडा जोर दिला की कडेला खरखर नाही, ऊब येते. पण ढोलकी, ढोलक आणि ड्रमसेट एकत्र असलेल्या मंडळाच्या कार्यक्रमात 25 वॅट म्हणजे लग्नाच्या मांडवात कानात कुजबुज, हे आधीच सांगतो.

माझा बी-15 मी एका घरगुती सेलमधून घेतला, चालू होता, दिवा लागत होता, छान वाटलं. घरी लावला, बेस गळ्यात, दुसऱ्या हाताने मायक्रोफोनचा स्टँड सरकवायला गेलो आणि कोपरापर्यंत झटका. दोन पिनांची जुनी वायर, अर्थिंग नाही, आणि आत मेन लाइनपासून लोखंडी चॅसीला जोडलेला एक कंडेन्सर, ज्याला इकडे सरळ डेथ कॅप म्हणतात. तो लीक झाला की चॅसीत करंट, चॅसीतून बेसच्या तारांत, तारांतून तुमच्यात. म्हणून कुठलाही जुना अमेरिकन अँप घेतला की लावायच्या आधी टेक्निशियनकडे, तीन पिनांची वायर बसवायची, तो कंडेन्सर काढायचा आणि मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर नवे घालायचे, ते वापरा न वापरा, वर्षांनी सुकतातच. यात कलेक्टरसुद्धा नावं ठेवत नाहीत. स्वतः उघडू नका, आत 400 व्होल्टच्या वर असतं आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतं. किंमत ठरवतानाच हा खर्च धरा.

विकत घेताना काय ऐकायचं? चालू करून नुसता सोडा, पाच मिनिटं. हलकी घूं ठीक, वाढत जाणारी घूं म्हणजे कंडेन्सर गेले. प्रत्येक नॉब फिरवा, करकर असेल तर बहुतेक नुसती धूळ, ते घाबरण्यासारखं नाही. पेन्सिलच्या मागच्या टोकाने छोट्या व्हॉल्व्हला अलगद टिचकी मारा, स्पीकरमधून घंटेसारखं वाजलं तर तो व्हॉल्व्ह बदलायचा, हेही स्वस्तातलं काम. महागात जातं ते ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. ट्रान्सफॉर्मरला जळका वास किंवा वितळलेलं मेण दिसतंय का बघा. अँप बंद करून स्पीकरचा कागद दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबून आत ढकला, खरखरला तर कॉइल घासतेय. स्पीकरच्या कडेवरही पॉटसारखाच नंबर असतो, 220 म्हणजे जेन्सन, 465 म्हणजे ऑक्सफर्ड, पुढे साल-आठवडा. आणि व्हॉल्व्हचा अँप स्पीकर न जोडता कधी, म्हणजे कधीच, चालू करू नका, ट्रान्सफॉर्मर जळतो.

फेंडर बासमन 1952 पासूनचा, नाव बेसचं पण पळवला गिटारवाल्यांनी. 50 च्या दशकाच्या शेवटचा चार 10 इंची स्पीकरचा जो बासमन आहे त्याच्याच सर्किटवरून लंडनच्या जिम मार्शलने आपला पहिला अँप केला, त्यामुळे त्याची किंमत गिटारवाले ठरवतात आणि आपण बेसवाल्यांनी त्या भानगडीत पडू नये. त्यापेक्षा 60 च्या दशकातला बासमनचा सुटा हेड म्हणजे स्पीकरशिवायचा अँप बरा, 50 वॅटच्या आसपास, खाली नवा हलका कॅबिनेट ठेवा. कॅनडात असाल तर टोरोंटोच्या ट्रेनरचा वायबीए-1 शोधा, तेच घराणं, नाव कमी म्हणून भाव कमी.

अँपेग एसव्हीटी 1969 चा, 300 वॅट, 14 व्हॉल्व्ह, रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यावर गाजला. नुसता हेड 40 किलोच्या घरात आणि खाली आठ 10 इंची स्पीकरचं फ्रिजएवढं कपाट. ऐकायला मिळाला तर समोर उभे राहा, पँटची घडी हलते. घेऊ मात्र नका, लिफ्ट असली तरी घेऊ नका. अकूस्टिक 360 तर अजून मजेशीर, ट्रान्झिस्टरचा, 200 वॅट, 18 इंची स्पीकर उलट्या तोंडाने आत बसवलेला, आवाज दुमडून बाहेर येतो, त्यामुळे वाजवणाऱ्याला कमी आणि लांब बसलेल्यांना दणदणीत. जाको हाच वापरायचा.

भारतात न्यायचा विचार असेल तर अमेरिकन अँप 120 व्होल्ट 60 हर्ट्झचा, आपल्याकडे 230 आणि 50. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागणारच, आणि तो घेताना अँपचे आवाजाचे वॅट धरू नका, मागे लिहिलेला वीज खायचा आकडा बघा आणि त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. 50 हर्ट्झवर अँपचा आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, त्यामुळे परदेशी विक्रीसाठी काढलेलं 220-240 व्होल्टचं मॉडेल मिळालं तर दोन पैसे जास्त द्या. कस्टमची ड्युटी आधीच विचारून घ्या. बेसचं वेगळं लचांड आहे, 60 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या कित्येक फिंगरबोर्डांना ब्राझिलियन रोझवूड आहे, आणि ते लाकूड 1992 पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या यादीत, परमिटशिवाय देशाची सीमा ओलांडू देत नाहीत. 60 च्या दशकाच्या मध्यानंतर फेंडरने जे रोझवूड वापरलं ते मुख्यतः इंडियन रोझवूड, म्हणजे आपला शिसव. कॅलिफोर्नियात बनलेल्या बेसवर बोट ठेवताना आपण सह्याद्रीत वाढणाऱ्या जातीच्या लाकडावर बोट ठेवतोय, मला तरी हे कळल्यावर उगाचच बरं वाटलं होतं.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात जुना नायट्रो लॅकर म्हणजे वाद्यावरचा पातळ पॉलिशचा थर जपावा लागतो. रबर किंवा फोम लावलेल्या स्वस्त स्टँडवर ठेवलात तर लॅकर रबराशी रिअ‍ॅक्ट होऊन चिकट होतो आणि तिथे कायमचा डाग पडतो, स्टँडला जुनं सुती धोतर गुंडाळा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून एकदा केस उघडून उन्हात, बेस मात्र उन्हात नाही.

घरी आणल्यावर पहिला महिना काही बदलू नका, अँपची सुरक्षेची कामं सोडून. नव्या खुंट्या, नवा ब्रिज, चकचकीत पिकगार्ड, हात शिवशिवतात मान्य आहे. जे काढाल ते फेकू नका, गंजका स्क्रूसुद्धा. माझ्या बेसचे जुने स्क्रू, फुटलेला नॉब आणि आधीच्या मालकाने घडी करून लावलेला फोमचा काळाठिक्कर तुकडा हे सगळं श्रीखंडाच्या डब्यात घालून केसच्या कप्प्यात ठेवलंय, बायकोने दोनदा कचऱ्यात टाकला आणि मी दोनदा परत काढला.